जुन्या ट्रकच्या इंजिनातील अचानक खटखट : कारण कसे ओळखावे?

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर बाजारात पोहोचविणेही महत्त्वाचे होय. तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की त्याचे वजन व त्यातील साखर दोन्ही घटू लागतात. टोमॅटो, द्राक्षे, भाजीपाला यांची गोष्ट तर याहून नाजूक. त्यामुळे ज्या शेतकऱ्याकडे स्वतःचा जुना ट्रक आहे, त्याच्या दृष्टीने ऐन हंगामात इंजिनातून अचानक येऊ लागलेली खटखट ही मोठ्या चिंतेची बाब ठरते. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी आवाजाकडे दुर्लक्ष करून ट्रक तसाच चालवितो आणि थोड्या खर्चाचे काम संपूर्ण इंजिनावर नेऊन ठेवतो. कोणी घाबरून धडधाकट इंजिन खोलावयास लावतो आणि शेवटी दोष एका सैल झालेल्या नटाचा निघतो. हे दोन्ही नुकसान टाळावयाचे असेल, तर आवाजाचे कारण पद्धतशीरपणे शोधले पाहिजे. पाने हाती घेण्यापूर्वी कान, डोळे व तेलाची डिपस्टिक यांचा उपयोग करावा, हा त्यातील पहिला नियम होय.

प्रस्तुत माहिती साध्या यांत्रिक डिझेल पंपावर चालणाऱ्या जुन्या इंजिनांसंबंधी आहे. जर्मनीतील डाइमलर-बेंझ या कंपनीच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूर येथे टाटांच्या ट्रकांचे उत्पादन सुरू झाले. हा करार १९६९ मध्ये संपला, तरी त्या घडणीची इंजिने पुढे अनेक वर्षे बनत राहिली. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ ने शेतमालाच्या वाहतुकीत मोठे स्थान मिळविले. अशा जुन्या ट्रकांच्या इंजिनांतील बहुतेक दोष आवाजावरून व साध्या साधनांनी ओळखता येतात.

आवाज का निर्माण होतो?

इंजिनातील फिरणारे व सरकणारे भाग एकमेकांवर प्रत्यक्ष घासत नाहीत. त्यांच्यामध्ये वंगणाचा एक पातळ थर असतो. ही फट इतकी सूक्ष्म असते की ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. झीज होऊन फट वाढली, किंवा वंगणाचा दाब कमी होऊन थर तुटला, म्हणजे एक धातू दुसऱ्यावर आपटतो आणि ठोका ऐकू येतो.

दुसरी फट मुद्दाम ठेवलेली असते. हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, रॉकर नावाच्या लहान तरफांनी उघडल्या जातात. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो. त्यासाठी जागा राहावी म्हणून रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थोडी मोकळीक ठेवतात. हिलाच मिस्त्री लोक टॅपेटची फट म्हणतात. ही फट प्रमाणाबाहेर वाढली की टक् टक् असा हलका पण स्पष्ट आवाज येतो. उलटपक्षी, फट अजिबात उरली नाही तर आवाज येत नाही, परंतु व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची कड जळू लागते. म्हणून आवाज बंद करण्यासाठी टॅपेट वाजवीपेक्षा आवळून टाकणे हा उपाय नव्हे. तो नवा दोष होय.

प्रथम इंजिन बंद करा, तेल पाहा

खटखट ऐकू येताच ट्रक रस्त्याच्या कडेला सुरक्षित व सपाट जागी घ्यावा. इंजिन बंद करण्यापूर्वी तेलाच्या दाबाच्या काट्याकडे एकदा पाहावे. अनेक जुन्या ट्रकांत इंजिन गरम होऊन संथ गतीने चालत असता हा दाब साधारणतः प्रति चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅमच्या आसपास व रस्त्याच्या वेगावर ३ ते ५ किलोग्रॅम असतो. आपल्या ट्रकचा नेहमीचा दाब किती, हे चालकास ठाऊक असलेच पाहिजे. काटा खाली पडला असेल किंवा तेलाचा दिवा लागला असेल, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे. त्यानंतर आवाज पुन्हा ऐकण्यासाठीसुद्धा ते सुरू करू नये. दाब नाहीसा झालेल्या इंजिनाची एका मिनिटाची चाल बेअरिंगे निकामी करण्यास पुरेशी होते.

दहा मिनिटांनी, तेल खाली उतरल्यावर, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पातळी खालच्या खुणेखाली असेल, तर योग्य तेल घालून गळती शोधावी. पातळी वाढलेली असून तेल पातळ लागत असेल व त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल तेलात मिसळत आहे. अशा तेलात वंगणाचा गुण उरत नाही. तेल दुधट दिसत असेल, तर त्यात पाणी गेले आहे. शेवटच्या दोन्ही प्रसंगी इंजिन चालवू नये. नुकतेच तेल किंवा तेलाचा फिल्टर बदलला असेल आणि आवाज त्यानंतर सुरू झाला असेल, तर तेल कोणत्या प्रतीचे घातले व फिल्टर योग्य आहे की नाही, याची खात्री प्रथम करावी.

ठोक्याची गती काय सांगते?

तेलाची पातळी व दाब ठीक असतील, तरच इंजिन संथ गतीने चालवून आवाज ऐकावा. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, आणि त्या एका फेऱ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालत असेल, तर एका सैल टॅपेटचे ठोके मिनिटाला ३००, म्हणजे सेकंदाला ५ पडतात. क्रँकशाफ्टबरोबर प्रत्येक फेऱ्याला पडणारे ठोके मात्र सेकंदाला १० होतात. पहिला आवाज निवांत टकटकीसारखा वाटतो. दुसरा घाईचा व इंजिनाच्या घरघरीशी जुळलेला असतो. हाच फरक १,८०० फेऱ्यांवर कळत नाही, कारण तेव्हा एका टॅपेटचेच ठोके सेकंदाला १५ होतात आणि कानाला ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून आवाज नेहमी संथ गतीवर ऐकावा.

गतीवरून मात्र अंतिम निर्णय करू नये. एकाच सिलिंडरातील बिघडलेल्या ज्वलनाचा ठोकाही टॅपेटप्रमाणेच दोन फेऱ्यांत एकदा पडतो. त्यासाठी आवाजाचा पोत, तो केव्हा वाढतो आणि तो कोठून येतो, या गोष्टी जोडीने पाहाव्या लागतात.

हलका व कोरडा टकटकाट इंजिनाच्या माथ्यावरून येत असेल, तर टॅपेट, रॉकर किंवा पुशरॉड यांचा संशय घ्यावा. इंजिन थंड असता मोठा व गरम झाल्यावर मंदावणारा आवाज हा बहुधा झिजलेल्या पिस्टनचा असतो. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना स्पष्ट होणारा जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगचा असू शकतो. ओझे पडताच खालून येणारा खोल, धडधड असा आवाज, त्यातही तेलाचा दाब उतरला असेल तर, क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांकडे बोट दाखवितो. क्लच दाबताच आवाज बदलत असेल, तर दोष इंजिनात नसून क्लच किंवा फ्लायव्हील यांच्या बाजूला असण्याचा संभव अधिक.

आवाजाचे ठिकाण शोधणे

याकरिता महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. सुमारे हातभर लांबीची लोखंडी सळई किंवा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यावा. त्याचे एक टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेकवावे व मूठ कानामागील हाडाला लावावी. रॉकर कव्हर, प्रत्येक सिलिंडरची बाजू, खालचे तेलपात्र, डिझेल पंप व ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर असे क्रमाने ऐकत जावे. जेथे आवाज सर्वांत तीव्र येतो, तेथे दोष जवळ आहे असे समजावे. हे करताना उपरणे, सैल बाही किंवा सदऱ्याची टोके पंख्याजवळ व पट्ट्याजवळ येणार नाहीत याची दक्षता घ्यावी. चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा व हँडब्रेक ओढावा.

इंजिन खोलण्यापूर्वी बाहेरच्या भागांची झडती अवश्य घ्यावी. सैल झालेली पुली, तुटकी पंख्याची पाती, अल्टरनेटरचे झिजलेले बेअरिंग हेही इंजिनासारखाच आवाज करतात. शंका आल्यास इंजिन बंद करून पट्टा उतरवावा आणि इंजिन जेमतेम एक मिनिट चालवून पाहावे. आवाज गेला, तर दोष पट्ट्यावरील भागात आहे. पट्टा नसता पाण्याचा पंप फिरत नाही, म्हणून याहून अधिक काळ इंजिन चालवू नये व ट्रक तर मुळीच हलवू नये.

टॅपेटची हुबेहूब नक्कल करणारा आणखी एक दोष आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डची गॅसकेट फुटली किंवा त्याचा बोल्ट सैल झाला, की धूर झटक्यासरशी बाहेर पडून टक् टक् असा आवाज येतो. तो चढावर व इंजिन थंड असता वाढतो. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा दिसला की दोष सापडला असे समजावे. इंजेक्टर, ज्याला मिस्त्री नोझल म्हणतात, त्याच्या बैठकीतून दाब निसटत असल्यासही फुसफुसणारा ठोका येतो व त्याच्याभोवती ओलसर काजळी जमते. या दोन्ही दोषांसाठी इंजिन उतरविण्याची काहीही गरज नसते.

एकेक सिलिंडर बंद करून पाहणे

आवाज कोणत्या सिलिंडरचा, हे ठरविण्याची जुन्या मिस्त्रींची पद्धत आजही खात्रीची आहे. इंजिन संथ चालू असता एका सिलिंडरच्या प्रेशर पाइपचा इंजेक्टरकडील नट पान्याने किंचित सैल करतात. त्यामुळे त्या सिलिंडरात डिझेल जाणे थांबते. मग नट आवळून पुढचा सिलिंडर तपासतात. एखादा सिलिंडर बंद करताच आवाज नाहीसा झाला किंवा बराच कमी झाला, तर दोष त्या सिलिंडरच्या ज्वलनाच्या दाबाशी संबंधित आहे. म्हणजे खराब नोझल, पिस्टनची पिन किंवा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. सर्व सिलिंडर आळीपाळीने बंद करूनही आवाजात फरक पडला नाही, तर टॅपेट, रॉकर, कॅमशाफ्ट अशा व्हॉल्व्हच्या साखळीकडे वळावे. एखादा सिलिंडर बंद केल्यावर इंजिनाच्या चालीतच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. सर्वच सिलिंडरांतून सारखा कर्कश ठोका येत असेल, तर पंपाचे टायमिंग हलले आहे काय, किंवा भेसळीचे डिझेल भरले गेले काय, हे पाहावे.

ही तपासणी अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. जुन्या इंजिनांतही नोझल प्रति चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाबाने उघडते. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून सरळ आत शिरते. नट सैल करताना त्यावर जाड फडके ठेवावे, तोंड दूर ठेवावे, गळती हाताने चाचपू नये व जवळपास विडी-सिगारेट पेटवू नये. बोटात डिझेल शिरल्यास जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि दाबाखालील डिझेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. विलंबाने बोट गमावण्याची पाळी येते. संगणकीय नियंत्रणाच्या नव्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब हजार किलोग्रॅमच्याही वर जातो. म्हणून तेथे नट सैल करण्याचा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

टॅपेटची फट तपासणे

संशय टॅपेटवर आला, तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार सोडावी आणि रॉकर कव्हर काढावे. प्रथम नुसते पाहावे. तुटलेली स्प्रिंग, वाकलेला पुशरॉड, सुटलेला लॉकनट किंवा तेल न पोहोचल्याने कोरडा पडलेला रॉकर पुष्कळदा डोळ्यांनाच दिसतो. आवाज अचानक सुरू झालेला असेल, तर साध्या झिजेपेक्षा यांपैकी एखादे कारण असण्याचा संभव अधिक असतो, कारण झीज हळूहळू वाढते. ती एका दिवसात होत नाही.

फट मोजण्यासाठी फीलर गेज वापरतात. क्रँकशाफ्ट पान्याने चालीच्या दिशेने हळूहळू फिरवावा. सहा सिलिंडरांच्या इंजिनात १ व ६, २ व ५, ३ व ४ अशा जोड्या असतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात १ व ४, २ व ३ अशा. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले, म्हणजे एक मिटत व दुसरा उघडत असला, की पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असतात. त्या वेळी पहिल्याची फट मोजावी. याच रीतीने पुढील सिलिंडर घ्यावेत. पुष्कळ जुन्या सहा सिलिंडरी इंजिनांत थंड स्थितीत हवेच्या व्हॉल्व्हला ०.२० मिलिमीटर व धुराच्या व्हॉल्व्हला ०.३० मिलिमीटर फट देतात. तथापि प्रत्येक इंजिनाचे माप वेगळे असू शकते. आपल्या ट्रकच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. फट बसवून लॉकनट आवळल्यावर ती पुन्हा एकदा मोजावी, कारण आवळताना ती बदलते. बसविलेली फट थोड्याच दिवसांत पुन्हा वाढली, तर कॅम किंवा टॅपेट झिजला आहे असे समजावे.

एक उदाहरण

समजा, बागलाणातून कांदा भरून लासलगावच्या बाजाराकडे निघालेल्या जुन्या ट्रकमध्ये वाटेतील चढावर एकाएकी टक् टक् सुरू झाली. चालकाने ट्रक थांबविला. तेलाचा दाब नेहमीइतका आहे, डिपस्टिकवर तेल पुरेसे व स्वच्छ आहे, धुरात फरक नाही, इंजिनाची ताकद कमी झालेली नाही. संथ गतीवर आवाज मंद होतो, ॲक्सिलरेटर दाबताच वाढतो, आणि मॅनिफोल्डच्या जोडाशी ताजी काजळी दिसते. हा दोष गॅसकेटचा आहे. मॅनिफोल्ड निवल्यावर सैल बोल्ट आवळून ट्रक सावकाश बाजारात नेता येईल. त्याआधी गरम वायूचा झोत डिझेलच्या नळीवर किंवा विजेच्या तारेवर येत नाही, एवढे पाहावे.

आता त्याच चढावर, तेलाचा दाब ठीक असता, हलक्या टकटकीबरोबर इंजिन एका सिलिंडरवर अडखळू लागले असते, तर निर्णय उलट घ्यावा लागला असता. तेथे व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली असण्याचा किंवा पुशरॉड वाकला असण्याचा संभव आहे. सुटलेला व्हॉल्व्ह सिलिंडरात पडला, तर पिस्टन व हेड दोन्ही फुटतात. आवाज हलका आहे, एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. अशा प्रसंगी कांदा दुसऱ्या वाहनात भरून पाठवावा व ट्रक ओढून न्यावा. दुसऱ्या वाहनाचे भाडे त्या दिवशी जड वाटते, परंतु ते इंजिनाच्या किमतीपुढे नगण्य होय.

ट्रक केव्हा हलवू नये?

तेलाचा दाब उतरला असता, खालून जड ठोका येत असता, तेलात पाणी किंवा डिझेल मिसळले असता, ठोक्याबरोबर इंजिन अडखळत असता, तसेच इंजिन अतिशय तापून नंतर आवाज सुरू झाला असता ट्रक एक किलोमीटरही चालवू नये. बेअरिंगचा ठोका वेळीच ओळखला, तर पुष्कळदा नवी बेअरिंगे घालून किंवा क्रँकशाफ्ट ०.२५ मिलिमीटरच्या एका टप्प्याने घासून काम भागते. ट्रक तसाच दामटला, तर कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडतो, आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

मिस्त्रीकडे जाताना नुसते “इंजिन वाजते” असे न सांगता पुढील गोष्टी लिहून न्याव्यात : आवाज कोणत्या दिवशी व किती किलोमीटरवर सुरू झाला, थंड इंजिनात येतो की गरम, ओझ्यावर वाढतो की रिकाम्या ट्रकमध्येही येतो, तेलाचा दाब व पातळी किती, त्यापूर्वी तेल, फिल्टर, नोझल किंवा टॅपेटचे कोणते काम झाले. या माहितीमुळे मिस्त्रीचा वेळ वाचतो व अनावश्यक खोलाखोल टळते.

ज्याप्रमाणे शेतकरी बैलाच्या चालीवरून त्याच्या खुरातील खडा ओळखतो, त्याचप्रमाणे आपल्या ट्रकच्या निरोगी आवाजाची ओळख त्याने ठेवली पाहिजे. दर सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पाहणे, पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीस तेल व फिल्टर बदलणे आणि हंगामाच्या आधी टॅपेट तपासून घेणे, या तीन सवयी अंगी बाणविल्या, तर ऐन बाजाराच्या दिवशी माल भरलेला ट्रक रस्त्यात उभा राहण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.